सर्व वाढवले

तीन महिने बायको माहेरी येऊन बसलेली असताना जावई सासुरवाडीच्या दुकानात येतो, गादीवर बसतो, चहा पितो, कप खाली ठेवतो आणि म्हणतो, "आई, मला तुमचा अंगठा पाहिजे." अशा माणसाचं काय करावं, ते मला आजतागायत कुणी सांगितलेलं नाही.

"अंगठा कशाला?" मी म्हटलं. "सही करते मी. चौथी पास आहे. कसले कागद आणलेत ते दाखवा आधी."

कागद म्हटल्यावर माझ्या मनात कुठले कागद आले, ते कुणीही ओळखेल. पण त्यांचं नाव मी काढलं नाही, कारण समोर गिऱ्हाईक होतं.

"कागदबिगद नाहीत हो आई," जावई म्हणाला. "खराखुरा अंगठा. हा." आणि मंडईत दुधीकडं बोट दाखवावं तसं त्यानं माझ्या उजव्या अंगठ्याकडं बोट दाखवलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली, तरी ते बोट मला दिसतं.

जावयाचं नाव निशिकांत रासने. राहणार पुणे. काम कंप्युटरचं. घराणं आमच्याच कासारांचं, पण ते भांड्यांवाले कासार आणि आम्ही वेळापुरे बांगड्यांवाले. सोयरीक ठरवताना सगळे म्हणाले, कासार तो कासार, त्यात काय बघायचं? बघायचं असतं. भांड्यांवाल्याच्या घरात पातेलं पडलं तर पोचा येतो, ठोकला की सरळ. त्यामुळं त्यांच्यात तोंडाला येईल ते बोलून चालतं. आमच्याकडं सगळी काच. आमच्या घरात पोर बोलायला लागलं की त्याला आधी शिकवतात, कुठला शब्द उचलायचा आणि कुठला तसाच ठेवायचा.

माझी वैजयंती, म्हणजे वैजू, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला म्हणून कराडला आली ती पाडवा झाला तरी इथंच. भांडण काय म्हणाल, तर भांडणच नाही. तिनं विचारलं होतं, "मी माहेरी जाऊ का?" हा म्हणाला, "चालेल." ती पिशवी घेऊन दारात उभी राहिली आणि म्हणाली, "येते." हा म्हणाला, "ये." संपलं. मग हा तिकडं वाट बघत बसला, कारण ती 'येते' म्हणाली होती. आणि ही इकडं वाट बघत बसली, हा न्यायला कधी येतो म्हणून. त्याचा फोन नाही, हिचा फोन नाही. "तूच कर की," मी म्हटलं, तर म्हणाली, "त्यानं करावा."

चुकी तिची होती असं मी म्हणणार नाही, ती माझी मुलगी आहे. पण हा गडी होताच तसला. पिक्चरला जायचं का? बघू. मोठं घर घ्यायचं का? बघू. भाजी कशी झालीय? चालेल. 'चालेल' म्हणाला की चालत नसे आणि 'बघू' म्हणाला की बघत नसे. त्याच्या आत काय चाललंय ते त्याच्या चेहऱ्यावर कधी उमटायचंच नाही. मी त्याच्या माघारी त्याला बघूराव म्हणायचे.

शेवटी मी टेम्पो सांगितला. गुरुवारी पुण्याला जायचा, वैजूचं कपाट, शिलाई मशीन, लग्नातली भांडी, सगळं भरून आणायचं. टेम्पो एकदा रिकामा जाऊन भरून आला की ते घर पुन्हा उभं राहत नाही, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण मुलगी किती दिवस माळ्यावर बसवायची? गल्लीतल्या बाया बांगड्या भरायला यायच्या आणि हात माझ्याकडं देऊन डोळे जिन्याकडं लावायच्या.

आणि मंगळवारी हा बघूराव उगवला. बायको कुठाय, कशी आहे, एक शब्द नाही. त्यानं विचारलं नाही म्हणून मीही सांगितलं नाही की ती बरोबर त्याच्या डोक्यावर, फळ्यांच्या माळ्यावरच्या खोलीत केस विंचरत बसलीय. बायांची बोलणी नकोत म्हणून खालच्या आवाजांकडं कान देणं तिनं कधीच सोडलं होतं. आणि तिला जाऊन सांगावं, की हा आलाय, तर मी का उठू?

उठणार तरी कशी, म्हणा. डेअरीजवळच्या मालनबाईंचा हात माझ्या हातात होता. त्यांच्या लेकीची सातव्या महिन्याची ओटी होती, त्याआधी स्वतःचा हात हिरवा करायला आल्या होत्या. रोज म्हशींच्या धारा काढणाऱ्या बाईचा हात तो, लाकडासारखा. असा हात भरायचा म्हणजे अंगठ्याच्या बुडाशी दाबायचं आणि धरून ठेवायचं. मालनबाईंचं बोलणं चालू द्यायचं, आपण धरून ठेवायचं. कधीतरी हाडं ऐकतात, हात मऊ पडतो, बांगडी आपली आपण उतरते. आमचे हे गेल्यावर मी दुकानात बसले तेव्हा गावानं चार दिवस नाक मुरडलं, की मोकळ्या हातांची बाई सवाष्णींचे हात भरणार का. पाचव्या दिवशी हात पुढं केले. असा धरणारा अंगठा कराडात दुसरा नव्हता.

तर त्या अंगठ्याकडं जावई बोट दाखवत होता. मालनबाईंची बांगडी अर्ध्यात, बोटांच्या मुळांवर अडकलेली.

"कशाला हवाय?" मी म्हटलं.

त्यानं पिशवीतून एक काळी पाटी काढली. शाळेतल्या पाटीएवढीच, पण काचेची. "हा कॅलक्युलेटर आहे. दुकानदारांसाठी. आमची कंपनी काढतेय. यात प्रत्येक बटणाला दोन कामं आहेत. नुसतं दाबलं की एक काम, दाबून धरलं की दुसरं."

मी बघितलं. बटणांवर एकेकच खूण. "दुसरं काम कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाहीये. त्यामुळं पडदा स्वच्छ राहतो."

"मग माणसाला कळणार कसं?"

"वापरता वापरता सापडतं."

"सापडतं?" मी म्हटलं. "गिऱ्हाईक हात पुढं करून बसलंय आणि मी सापडतंय का बघत बसू? ती मागची फळी बघा, जावईबापू. खोकी दिसतायत? प्रत्येक खोक्यावर काय आहे?"

त्यानं वळून बघितलं. "एक एक बांगडी बांधलीय."

"का?"

"शोभेला?"

"शोभेला!" मालनबाई फिसकन हसल्या. हात हलला. "हलू नका," मी म्हटलं. "आत काय आहे ते बाहेरून दिसावं म्हणून बांधतात. नाहीतर प्रत्येक खोकं उघडत बसायला मला जन्म पुरायचा नाही. तुमच्या खोक्याला बाहेर काहीच नाही."

"म्हणूनच तर," तो म्हणाला. "कंपनीत सगळ्यांची बोटं शिकलेली आहेत. टेकवतात आणि उचलतात. मला न शिकलेला अंगठा पाहिजे."

"न शिकलेला?"

"आई गं!" मालनबाई ओरडल्या. माझ्याकडून हात जरा जास्तच दाबला गेला होता. "आक्का, राग जावयाचा आन् हाड माजं?"

मी डाव्या हातानं मालनबाईंचा हात तसाच धरून ठेवला आणि उजवा अंगठा पाटीवर नेला. माझ्या अंगठ्याला न शिकलेला म्हणतो काय! "सांगा, काय दाबू?"

"एक दाबा."

मी एक दाबला. आता माझं दाबणं म्हणजे काय, ते वर सांगितलंच. पडद्यावर बारा आले.

"हे काय? एक दाबला, बारा कसे?"

"तुम्ही दाबून धरलंत. एकचं दुसरं काम म्हणजे डझन."

"एक बरोबर बारा," मी म्हटलं. "चौथीत आमचे गुरुजी होते, त्यांनी एवढ्यावर अंगठे धरायला लावलं असतं."

"छान चाललंय," जावई म्हणाला. "आता बरोबरचं चिन्ह दाबा."

दाबलं. वर माळ्यावर 'टिंग' असं वाजलं. जावयाची मान वर गेली. मला वाटलं, पाल बघतोय.

"पुढं?"

"गुणाकार."

दाबला. बाराचे एकशे चव्वेचाळीस झाले.

"अहो, कशाशी गुणलं? मी अजून दुसरा आकडा दिलाच नाही!"

"दाबून धरलं की तो आकडा स्वतःशीच गुणला जातो."

"स्वतःशीच? कुणी सांगितलं त्याला?"

"आता बरोबर."

दाबलं. वर पुन्हा 'टिंग'. जावयानं खिशात हात घातला, मांडीआड काहीतरी बघितलं आणि गालात हसला. सासू समोर घाम गाळतेय आणि हा मांडीकडं बघून हसतोय. हेही मी मनात टिपून ठेवलं.

"आक्का," मालनबाई म्हणाल्या, "बांगडी अर्ध्यात हाय माजी. मुंग्या आल्या हाताला."

"येऊ द्या. मऊ पडतोय. पुढं काय, जावईबापू?"

"भागाकार."

"भाग पाडणं माझ्या दुकानात नको."

"आई, नुसतं बटण आहे."

दाबलं, तर एकशे चव्वेचाळीसचे पुन्हा बारा झाले. बाकीचे कुठं गेले ते ना त्यानं सांगितलं, ना मी विचारलं. बरोबर दाबलं, वर 'टिंग' झालं. आता वरून पावलंही वाजायला लागली होती. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, पुन्हा इकडं. कपाटाचं दार करकरलं.

"आता शेवटचं," जावई म्हणाला. त्याच्या कपाळावर बारीक घाम होता, आणि पंखा तर त्याच्याच डोक्यावर. "हे खालचं बटण. याचं एक काम म्हणजे शेवटचा आकडा घालवणं. दुसरं तुम्हीच बघा."

मी ते बटण दाबून धरलं. पडद्यावर आकडे गेले आणि मोठ्या अक्षरांत मराठीत शब्द आले. मी एक एक अक्षर लावून वाचलं, 'सर्व पुसले.'

माझा अंगठा चटका बसल्यासारखा वर आला. मालनबाईंनीही मान वाकडी करून वाचलं आणि मोकळा हात कपाळाच्या कुंकवावर नेला.

"पुसले?" मी म्हटलं. "हिरव्या बांगड्या भरायला सवाष्ण बसलीय, लेकीच्या ओटीचा हात भरतेय, आणि माझ्या दुकानात तुम्ही 'सर्व पुसले' लिहून आणता?"

"अहो आई, फळा पुसतो तसं..."

"फळा तुमच्या कंपनीत पुसा. आमच्यात हा शब्द नाही. बदला."

"काय लिहू मग?"

"वाढवले लिहा."

"वाढवले?" तो गोंधळला. "पण आई, इथं तर सगळं जातंय. वाढत काहीच नाहीये."

"लिहा म्हटलं ना. बांगड्यांच्या दुकानात काय बोलतात ते मला शिकवू नका."

त्यानं थोडा विचार केला. 'सर्व वाढवले' असं तोंडातल्या तोंडात दोनदा पुटपुटला आणि त्याचा चेहरा एकदम उजळला. इतक्या वर्षांत मी त्या तोंडावर तसला उजेड पहिल्यांदाच बघत होते. "छान आहे," म्हणाला. "सर्व वाढवले. खूपच छान आहे, आई." दुसरा कंप्युटर काढून, वायर जोडून, त्यानं तिथल्या तिथं शब्द बदलला. "हं, आता पुन्हा दाबून धरा. आणि मग बरोबर."

मी खालचं बटण दाबून धरलं. 'सर्व वाढवले' असं आलं. बरोबर दाबून धरलं.

'टिंग.'

वरची पावलं थांबली.

या वेळी पाल बघायला मीही मान वर केली. फळ्यांतून बारीक धूळ खाली पडत होती. मग जिन्यावर पावलं वाजली, आणि अशी वाजली की मागच्या खोक्यांवरच्या बांगड्या किणकिणल्या.

वैजू खाली आली. लग्नातली निळी साडी नेसलेली, एका बाजूची वेणी झालेली, दुसरी मोकळी, हातात फोन. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर तिनं नवऱ्याला बघितलं आणि तिचे डोळे एवढाले झाले.

"तू इथं आहेस?" ती म्हणाली. "इथं, खाली, माझ्या आईसमोर बसून पाठवलंस?"

नवऱ्याला अरे-तुरे करते म्हणून मी एरवी तिला टोकते. त्या वेळी नाही टोकलं.

"वैजू," तो उठला. "आवडलं?"

"आवडलं?" तिचा आवाज फाटला. "आधी बारा पाठवलेस. मी वेड्यासारखी समजले, बाराच्या गाडीनं येतोयस. साडी नेसले. मग एकशे चव्वेचाळीस. पुन्हा बारा. पुन्हा माझा जीव भांड्यात. आणि मग हे? सर्व वाढवले? बरं. तू वाढवलंस ना? मग मीही वाढवते."

आणि तिनं हात वर उचलला. मनगटातल्या सगळ्या काचेच्या बांगड्यांसकट, गल्ल्याच्या पेटीच्या कोपऱ्यावर आपटायला.

मोकळे झालेले हात मी एकदाच बघितलेत, माझे स्वतःचे. दुसऱ्यांदा बघणार नव्हते. मालनबाईंचा हात सोडला आणि पुढं झेपावून पोरीचं मनगट पकडलं. दाबलं आणि धरून ठेवलं.

'तट्.'

काच फुटल्याचा आवाज तो. मी वैजूच्या हाताकडं बघितलं, जावई वैजूच्या हाताकडं बघत होता, वैजूही आपल्याच हाताकडं बघत होती. तिच्या सगळ्या बांगड्या जागच्या जागी होत्या.

"माजी," मालनबाई बारीक आवाजात म्हणाल्या. "माजी वाढली, आक्का."

मी सोडलेला त्यांचा हात गल्ल्याच्या पेटीवर आदळला होता आणि मांडीवर हिरव्या काचेचे दोन तुकडे पडले होते.

जावयानं ते तुकडे बघितले. मग मालनबाईंच्या तोंडाकडं बघितलं. मग पाटीकडं. "वाढली?" तो म्हणाला. "ही... वाढली? पण ही तर फु..."

"तो शब्द काढू नका!" मी आणि मालनबाई एकदमच ओरडलो.

तो गादीवर बसला. "म्हणजे मी तिला असं पाठवलं, की सर्व..."

"नारळ वाढवतात तो कशाला वाढवतात?" मी म्हटलं. "मोठा करायला?"

"मला ते सुचलंच नाही. मला वाटलं, वाढवलं म्हणजे जास्त केलं. सगळं जास्त. मला वाटलं ती खूश होईल."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. वैजूचं मनगट न सोडता मी त्याच्याकडं वळले. "थांबा. ती खूश होईल? बटण मी दाबलं. निरोप वर कसा गेला?"

त्याचा हात खिशावर गेला.

"खिशात काय आहे ते काढा."

त्यानं फोन काढून माझ्या हातात दिला. मी लांब धरून, अक्षर अक्षर लावत वाचलं. मोठ्यानं वाचलं, कारण मनात वाचायची मला सवय नाही. सगळे वैजूचे निरोप होते. "१२?" "बाराच्या गाडीनं येतोयस?" "आवरते." "१४४ काय? जमावबंदी आहे का?" "परत १२. नीट सांग ना." "मी तयार आहे."

'मी तयार आहे' वाचताना वैजूनं माझ्या हातून फोन ओढायचा प्रयत्न केला. पण तिचा हात माझ्याकडं होता.

"बरोबरच्या चिन्हाचं दुसरं काम काय?" मी विचारलं.

"पडद्यावर जे असेल ते पाठवणं."

"कुणाला?"

"दुकानदार ज्याचा नंबर घालेल त्याला." त्यानं खाली बघितलं. "या पाटीत वैजूचा आहे. पहिल्यापासून तोच आहे."

"तुला माहीत होतं?" वैजू म्हणाली. "तुला माहीत होतं, की आईनं दाबलं की ते मला येणार?"

"हो."

"मग तू स्वतः का नाही दाबलंस?"

तो पाटीच्या कडेवरून बोट फिरवू लागला, तशा मालनबाई म्हणाल्या, "बोला की वो."

"दाबत होतो," जावई म्हणाला. "रोज दाबायचो. नुसतं. धरवत नव्हतं. तू म्हणायचीस ना, आई एकदा दाबलं की सोडत नाही. म्हणून म्हटलं..."

"म्हणून म्हटलं, सासूचा अंगठा वापरावा," मी म्हटलं. "म्हणजे अंगठ्याची तपासणी वगैरे काही नव्हतीच."

"ती पण होती," तो म्हणाला. "कंपनीला सांगूनच आलोय." खोटं बोलता येत नव्हतं बिचाऱ्याला, आणि खरंही धड बोलता येत नव्हतं.

वैजू त्याच्याकडं बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल. पण ती हसली. आधी नाकातून, मग तोंडावर पदर घेऊन, एक वेणी सुटलेली, निळ्या साडीत ती जी हसत सुटली, ती मालनबाईंनाही घेऊन हसली. "एकशे चव्वेचाळीस!" ती म्हणाली. "तीन महिन्यांनी नवरा बोलला, तर काय म्हणाला? एकशे चव्वेचाळीस!"

मग तिनं डोळे पुसले, माझ्या मुठीतून मनगट सोडवून घेतलं, नवऱ्याकडं न बघता म्हणाली, "येते," आणि जिना चढून वर गेली.

जावयाचा चेहरा पांढरा पडला. तो जिन्याखाली जाऊन वर बघत उभा राहिला, आणि मग परत माझ्याकडं आला. "आई," दबक्या आवाजात म्हणाला, "हे 'येते' कसलं? पिशवी घेऊन येते, की... तेव्हासारखं?"

वर पलंगाखालून काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. पत्र्याची पेटी फळ्यांवरून सरकली की कशी वाजते ते मी चांगलं ओळखते. त्या पेटीत काय भरलं जातंय आणि गुरुवारच्या टेम्पोवाल्याला आता काय सांगायचं, तेही मला कळलं होतं. पण त्याला सांगायची मला काही घाई नव्हती. मालनबाईंचा हात पुन्हा हातात घेतला. एवढ्या वेळात तो लोण्यासारखा मऊ पडला होता. फळीवरून नवी हिरवी बांगडी काढली, अंगठा बुडाशी ठेवला, आणि बांगडी एका दमात खाली उतरली.

"आई, सांगा ना," जावई म्हणाला.

"सांगते, ऐका," मी म्हटलं. "माझ्या मुलीच्या शब्दांना दोन दोन अर्थ आहेत. ते मीच तिला शिकवलेत, ते सुटायचे नाहीत. तुम्ही बसा शिकत. पण तुमचं जे काय आत आहे, ते बटणाचं असो नाहीतर तुमचं, त्यातली एक बांगडी यापुढं बाहेर बांधून ठेवा, जावईबापू. बारीक असली तरी चालेल. माझा अंगठा दर वेळी पुण्याला यायचा नाही."